अर्धी पुडी तुमची

९ जानेवारी

त्या दिवशी सकाळी मी आधी पाणी भरलं, मग चादरी भिजत घातल्या, मग ओट्याखालचं पुसून घेतलं. हे दूध आणायला खाली गेले होते. मी वाटाणे सोलायला बसले. ह्यांची पावलं मला जिन्यात नेहमी ओळखू यायची — उजवा पाय जरा जोरात पडायचा. तिसऱ्या मजल्यापर्यंत पावलं आली आणि थांबली. म्हटलं, खालच्या बिऱ्हाडातल्या पोस्टमनशी गप्पा सुरू झाल्या असतील. मी सोलत राहिले.

दीड वर्ष झालं त्याला. आज पुन्हा तेच घेऊन बसले, कारण लेक येऊन गेली. चार मजले चढून आली आणि पाच मिनिटं नुसती खुर्चीत बसून होती. दम परत आल्यावर पहिलं वाक्य — "आई, हे घर आता बास."

तिच्या बोलण्यात खोट नाही. दोन मजले उतरले की माझ्या पोटऱ्यांचे दगड होतात. डॉक्टर म्हणतात, पायात रक्त पुरेसं पोचत नाही, नळ्या म्हाताऱ्या झाल्या. दिवाळखोर पाय! गेले चार महिने मी खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडते. भाजीवाली भरते, मी ओढते. लेकीकडे तळमजल्यावर मागची खोली रिकामी आहे. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते. चांगली भिंत आहे. पण भिंतच.

मी तिला दवाखान्यातल्या फळ्यावरच्या जाहिरातीबद्दल सांगितलं. पासष्टच्या वरची माणसं हवी आहेत. कोकोच्या बियांत एक द्रव्य असतं, ते बारा आठवडे पोटात गेलं तर म्हाताऱ्या पायांत रक्त जास्त खेळतं का, ते मोजणार आहेत. ती विचारात पडली. मग म्हणाली, "ठीक. बारा आठवडे. आकडा वाढला तर राहा इथे. नाही वाढला तर हूं की चूं न करता माझ्याकडे यायचं."

"कबूल," म्हटलं.

वजनमापं तपासणाऱ्या माणसाची मुलगी. आकड्याशिवाय तिचा सौदा होत नाही.

११ जानेवारी

जावयाने दवाखान्यातून आणून दिलेलं संमतीपत्र अकरा पानी आहे. दोन दिवस वाचते आहे.

शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं वाचन शिकले ते किराण्याच्या पुड्यांवर. पुडी सोडायची, कागद सपाट करायचा आणि वाचायचा. अर्ध्या बातम्या, अर्ध्या गोष्टी. एका खुनाचा शेवट मला अजून माहीत नाही. लग्नानंतर ह्यांची नियमांची पुस्तकं वाचली. त्यामुळे सरकारी भाषेला मी भीत नाही.

संमतीपत्र सांगतं की निम्म्या लोकांना खरी भुकटी देणार, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण ते द्रव्य नसलेली. कोणाला कोणती, हे देणाऱ्यालाही माहीत नसणार. हे मी चारदा वाचलं. म्हणजे मी बारा आठवडे घेईन, आणि कदाचित काहीच घेतलेलं नसेन.

आणखी एक अट — "या काळात आपल्या नेहमीच्या चालण्याफिरण्यात बदल करू नये." चालणं असेल तर बदलेन ना. सही केली.

१६ जानेवारी

पहिलं मोजमाप. जावयाने गाडीने नेलं, आणलं.

लहानशी खोली, उंच खुर्ची, घोट्याला वजन बांधलेलं. घंटी वाजली की पाय गुडघ्यातून सरळ करायचा, पुन्हा घंटी वाजली की खाली. एक मुलगी मांडीच्या वरच्या नळीवर ते यंत्र धरते आणि पडद्यावर डोंगर दिसतात. यंत्र टेकवण्याआधी ती दर वेळी म्हणते, "थोडं थंड लागेल हं." मी तिचं नावच थंडलागेल ठेवलं. तिने मला आजी म्हटलं. म्हटलं, मावशी म्हण, आजी म्हणायला अजून पाय मोजायचेत.

समजावून छान सांगते. नळीच्या आतल्या अस्तरातून एक वायू सुटतो, त्याने नळी सैल होते. वय झालं की तो कमी सुटतो. कोकोतलं ते द्रव्य त्याला मदत करतं असा अंदाज आहे. सफरचंदाच्या सालीत, चहात, काळ्या द्राक्षांतही त्याची भावंडं असतात म्हणे.

आकडा सांगायचा नसतो, पण मी हट्ट धरला. पाय हलत असताना मिनिटाला एक लिटर चारशे वीस. मला एकदम ह्यांची लिटरची मापं आठवली. दूधवाल्यांच्या मापांचे तळ हे बोटाने चाचपायचे — आतून ठोकून वर आणलाय का बघायला. माझ्याही मापाचा तळ कोणीतरी ठोकलाय.

चौऱ्याऐंशी पुड्या दिल्या. रोज एक, पाण्यात ढवळून. आठवड्याचा तक्ता भरायचा.

१७ जानेवारी

कडू.

१९ जानेवारी

खरी असेल का?

खिडकीशी उभी राहते, परत येऊन बसते, परत उठते. पुडी उजेडात धरून बघते. काही दिसत नाही. दिसेल कसं.

२२ जानेवारी

तिथे ओळख झालेल्या टेलरमास्तरांचा फोन आला. त्या दिवशी माझ्यानंतर त्यांचा नंबर होता. मशीनचं पायडल मारता मारता त्यांचा पाय झोपतो, म्हणून ते आले. मी सांगितलं नसतानाही मला वहिनी म्हणतात.

"वहिनी, मला झोप नाही. समजा माझी खोटी असली तर?"

"तर खोटी."

"मी काय म्हणतो — कपड्यात आपण कसं करतो? दोन तागे असले आणि कोणता आटेल ठाऊक नसलं, तर दोन्हींतून अर्धा अर्धा घेतो. तुमची पुडी, माझी पुडी. एकत्र करायची. अर्धी तुमची, अर्धी माझी."

मी नको म्हटलं. फोन ठेवला. मग कागद घेतला. दोघांच्या खऱ्या. त्यांची खरी, माझी खोटी. माझी खरी, त्यांची खोटी. दोघांच्या खोट्या. चारांत एकच वाईट. एकटीने घेतली तर दोनांत एक वाईट.

२३ जानेवारी

हे असते तर? विचारायचंच नाही.

मी फोन केला. पुडी फोडून ठेवली की गोळा होते, तेव्हा रोज ताजी मिसळायला हवी. मास्तर दुकान सोडू शकत नाहीत. म्हणजे मलाच जावं लागणार.

२४ जानेवारी

गेले! बहात्तर पायऱ्या उतरून, दोन गल्ल्या, मग तो चढ. दर मजल्यावर थांबले. फक्त तिसऱ्यावर थांबले नाही. तिथे कठडा धरून डोळे समोर ठेवून पुढे गेले.

मास्तरांनी कापायच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, दोन्ही पुड्या त्यावर ओतल्या, खडूच्या पट्टीने ढीग केला आणि मधोमध रेघ मारली. मी म्हटलं, "तुमच्याकडे जास्त गेली."

"वहिनी, चाळीस वर्षं मी मधोमध कापतोय."

"म्हणून गिऱ्हाइकांच्या बाह्या कमीजास्त का?"

दोन पेल्यांत पाणी घालून ढवळलं. आधी चव घेऊन बघितली. ते म्हणाले, माझी जास्त कडू. म्हटलं, जीभ कडू असेल. आम्ही दोघं असे तोंड वाकडं करून बसलेलो असताना एक बाई परकर शिवायला टाकायला आली. तिने काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

परत वर यायला पस्तीस मिनिटं लागली.

३१ जानेवारी

तक्त्यात एक प्रश्न आहे. चालण्यात काही बदल? मी "नाही" वर खूण केली. दुसरा प्रश्न, पुडी पूर्ण घेतली का? "हो." एक पुडीभर घेतलीच होती. वकील व्हायला हवं होतं मी.

११ फेब्रुवारी

रोज दहा वाजता. भाजीवाली विचारते, टोपली का येत नाही आता? म्हटलं, टोपलीच खाली उतरते.

२६ फेब्रुवारी

मास्तरांच्या बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली. काजं तीच करायची. अजून कोणाला काजं करायला दिली नाहीत, स्वतः करतात, वाईट करतात. आज एकदम म्हणाले, "तुम्हाला घरात बोलायला होतं का हो, एकट्यानं?" म्हटलं, मी वहीत बोलते. ते म्हणाले, मी मशीनशी. मग दोघांनी आपापला पेला प्यायला.

१४ मार्च

आज दुसऱ्या मजल्यावर थांबायचं विसरले. वर आल्यावर लक्षात आलं. अठरा मिनिटं.

भुकटी चढली! नक्की कोणाची तरी खरी आहे.

तिसऱ्या मजल्यावर अजून डोळे समोर.

१० एप्रिल

शेवटचं मोजमाप. थंडलागेलने यंत्र टेकवलं, पडद्यावर डोंगर. पाय वर, पाय खाली. ती पडद्याकडे बघत राहिली, पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. तिचे कान लाल झाले. हळूच म्हणाली, "मावशी, सांगायला नको मी. पण एक लिटर सातशे साठ."

तीनशे चाळीस वाढलं. एक मोठा पेलाभर रक्त, मिनिटाला.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. "बरं. ठरलं तसं. राहा." मग जावयाचा मागून आवाज — "त्या भुकटीचा एक डबा हिलाही आणा, परवा तिथे चढताना हिचाच प्राण जात होता."

मास्तरांचा आकडा होता तिथेच आहे. ते फोनवर म्हणाले, "सगळी खरी तुमच्याच अर्ध्यात आली बघा. म्हटलं होतं मी, रेघ तुमच्या बाजूला वाकडी पडते."

जिंकले.

११ एप्रिल

मग बसवत का नाही?

१२ एप्रिल

कपाट आवरलं. आवरलेलं परत आवरलं. ह्यांची पितळी वजनं निघाली, मखमलीच्या खाचांत बसवलेली. सगळ्यात लहान वजन हे कधी हाताने उचलू द्यायचे नाहीत, चिमट्याने उचलायचं. बोटाचं तेल लागलं तर वजन खोटं होतं म्हणायचे. मी हसायचे. एवढ्याशा तेलाने काय होतंय? "त्याच्यावरून दुसरी शंभर वजनं पडताळायची असतात," म्हणायचे. "एक खोटं असून भागत नाही."

ती पोर तीनदा मोजत होती. माझा आकडा कुठल्या तरी ओळीत बसणार. मग त्याच्यावरून कोणा डॉक्टरचं मत बनणार, कोणा तिसऱ्याच म्हातारीला कोणी सांगणार, घ्या, किंवा नका घेऊ. आणि माझ्या आकड्यात अर्धी पुडी टेलरमास्तरांची.

१३ एप्रिल

सांगितलं तर आकडा जाणार. आकडा गेला की घर जाणार. लेकीने आकड्यावर शब्द दिलाय, आकड्यावरच परत घेईल. तिचा दोष नाही.

न सांगता राहता येईल. माणसं राहतात. मी राहतेच आहे.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. त्या सकाळी पावलं थांबली तेव्हा मी हाक मारली, "आलात का?" उत्तर आलं नाही. मूठभर शेंगा राहिल्या होत्या. त्या संपवूनच उठावं म्हटलं. संपवल्या. सालं गोळा केली. मग दार उघडलं. हे चोपन्नाव्या पायरीवर कठड्याला टेकून बसले होते, दुधाची किटली शेजारी, सांडलेली नव्हती. वर अठरा पायऱ्या होत्या.

डॉक्टर म्हणाले होते, क्षणात गेलं असणार सगळं. असेल. पण त्या मूठभर शेंगांचं माप कोणी घेतलेलं नाही. सगळ्यांना मी सांगितलं, पावलं थांबली तशी धावले.

अशी एक गोष्ट छातीत आहे. दुसरीला जागा नाही.

१४ एप्रिल

गेले. आधी मास्तरांच्या दुकानात. म्हटलं, मी माझ्यापुरतं सांगणार आहे, तुमचं नाव घेणार नाही. त्यांनी मशीन थांबवलं नाही. "वहिनी, आपण काय दरोडा घातलाय? म्हातारी माणसं आपण. पाणी प्यायलो."

"मग ते पाणी सांगून येते."

"सांगा. पण पुन्हा इकडे येऊ नका."

मशीन जोरात चालवलं त्यांनी. रिकामं चालत होतं, सुईखाली कापड नव्हतं.

मग रिक्षाने जाऊन थंडलागेलला सांगितलं. तिला आधी कळेचना. "मिसळल्या? म्हणजे... रोज?" मग खाली बसली. रागवली नाही, ते जास्त वाईट. म्हणाली, "मावशी, तुमचा आकडा सगळ्यांत सुंदर होता."

"म्हणूनच आले."

"दुसरं कोण?"

"त्यांचं ते सांगतील."

ती आत जाऊन मोठ्या सरांशी बोलून आली. माझा आकडा काढून टाकणार. वर म्हणाली, "पाय तुमचा आहे, वाढलेलं रक्त तुमचंच. फक्त कशाने वाढलं ते मला आता सांगता येणार नाही." निघताना विचारलं, सगळं संपल्यावर माझी पुडी कोणती होती ते कळेल का? सरांना विचारून पत्र पाठवीन म्हणाली.

१५ एप्रिल

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांनी हेच केलं असतं." आणि मग, "पण आई, मग ठरलं ते ठरलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान हलवू."

हूं केलं नाही. चूं केलं नाही.

१७ एप्रिल

थंडलागेलचा फोन. टेलरमास्तर येऊन गेले. इस्त्रीचा कोट घालून आले होते, उभ्याउभ्या सांगितलं आणि गेले. त्यांचाही आकडा काढला.

मला फोन केला नाही त्यांनी.

८ मे

टोपली पुन्हा सुरू. दहा वाजतात, मी चपला बघते, आणि जाणार कुठे? बसते.

२३ मे

पोटऱ्या पुन्हा दगड. आज कचरा टाकायला उतरले, परत येताना चार ठिकाणी थांबले. भुकटीचा असर उतरला. लेक म्हणते ते बरोबर. खोकी आणून ठेवली आहेत जावयाने. वजनांची पेटी सगळ्यात आधी भरली, मग परत काढली.

१ जून

परवा सामान न्यायचं आहे.

सकाळी पत्र आलं. सरकारी भाषा, पण मी भीत नाही. अभ्यास संपला, याद्या उघडल्या. मी दुसऱ्या गटात होते. द्रव्य नसलेल्या. माझ्या पुड्या खोट्या होत्या.

म्हणजे मास्तरांच्या खऱ्या. पहिला विचार हाच आला — अर्धी तरी मिळाली.

दुपारी खालून हाक आली. "वहिनी! टोपली सोडा!" खिडकीतून बघितलं तर मास्तर, गळ्यात टेप, हातात लिफाफा. दीड महिन्यानंतर! टोपली सोडली. त्यांनी लिफाफा ठेवला आणि दोरीला झटका दिला. ओढून घेतला. तेच कागद, तीच सही.

दुसरा गट.

दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. चारांतली एक वाईट शक्यता, ती आम्हीच. अकरा आठवडे आम्ही खोट्यात खोटं मिसळून मधोमध रेघ मारत होतो.

मास्तर खालून ओरडले, "वाचलंत? मग तुमचा पाय कशानं सुधारला हो?"

मी आत जाऊन तक्त्यांच्या माझ्या प्रती काढल्या. पहिला आठवडा सोडून अकरा तक्ते. चालण्यात काही बदल? नाही. नाही. नाही. अकरा वेळा, शाईने.

मास्तर तर दुकानातून हललेच नव्हते. मी जात होते. रोज दहाला. बहात्तर खाली, दोन गल्ल्या, चढ, आणि बहात्तर वर.

खिडकीत परत गेले. ते अजून मान वर करून उभे. म्हटलं, "तुमच्या दुकानानं!"

त्यांना ऐकू गेलं नाही बहुतेक. कानामागे हात नेला. मग तसाच हात हलवून गेले.

२ जून

दहा वाजता उतरले. हातात पुडी नव्हती. मास्तरांनी दोन पेल्यांत साधं पाणी दिलं. परत येताना तिसऱ्या मजल्यावर चोपन्नाव्या पायरीवर बसले, दम लागला म्हणून नाही. मग वरच्या अठरा चढले. दोरी सोडून टोपली माळ्यावर टाकली, लेकीला फोन करून सामान न्यायला येऊ नकोस म्हटलं, आणि मग तिला शेंगांचं सांगितलं.